फौजणीला गिऱ्हाईक

“आता जे होणार ते उद्या गावात सांगाल तर कुणाला पटायचं नाय,” जलालभाई म्हणाले आणि खुर्ची ओढून थेट गाडीच्या नाकासमोर बसले. “एकतीस वर्षं झोपलेली बाई पहिल्या हाकेला उठणार. पहिल्या! दुसरी हाक मारावी लागली तर माझं नाव बदला.”

“नाव बदलून बदलून आता नावं उरली नायत,” स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको बिलकिसबी म्हणाली.

जलालभाईंचं बोलणं असंच सुरू होई. बाजारातून वांगी आणली तरी आधी “कुणाला पटायचं नाय” आणि मग वांगी. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांनी खालापुरात एवढं काही सांगून ठेवलं होतं की त्यातलं खरं वेचून काढायचं तर तालुक्याच्या कचेरीला वेगळा कारकून नेमावा लागला असता.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या नातीला, अलफियाला, मात्र आज हसू येत नव्हतं. बॉनेटखालून फक्त गजा मिस्त्रीचा पार्श्वभाग दिसत होता आणि तो पार्श्वभागच तिच्याशी बोलत होता.

“थांब गं पोरी. अजून नाय. अजून नाय. हां, मार आता!”

तिनं बटण दाबलं. फौजण खर्रर्र करून गप्प झाली.

“ती हाक नव्हती,” जलालभाई ताबडतोब म्हणाले. “ते खाकरणं झालं.”

पुन्हा दाबलं. पुन्हा खर्रर्र, आणि मागून एक भला मोठा फटाका. चिंचेवरच्या साळुंक्या उडाल्या.

“ही जांभई.”

तिसऱ्यांदा दाबलं, आणि आधी सीट हादरली, मग स्टिअरिंग, मग अलफियाचे दात. काळ्या धुराचा एक ढग कुंपण ओलांडून शेजारच्यांच्या वाळवणावर गेला आणि इंजिन धडधडायला लागलं. नुसतं चालू झालं नाही. दम धरून, एका लयीत, जणू काल संध्याकाळीच कुणी बंद करून ठेवलं होतं.

“झाली! झाली रं झाली!” गजा मिस्त्री टाळ्या वाजवत बाहेर आला. साठी उलटलेला माणूस, कर्जतला त्याचं गॅरेज, पण त्या क्षणी तो अंगणात गोल गोल फिरला. झुहेबचाचानं एका हातानं व्हिडिओ काढत दुसऱ्या हातानं आपला नवा हॉर्न वाजवला. तो हॉर्न आगबोटीसारखा होता. बिलकिसबीनं कानात बोटं घातली आणि तोंडानं दुवा पुटपुटली.

फाटकापाशी उभा असलेला शारिक, अलफियाचा बाप, तेवढा हसला नाही. तो रस्त्याकडं बघत होता. आज फौजणीला गिऱ्हाईक यायचं होतं.

फौजण म्हणजे पुण्याच्या लष्करी लिलावातून एक्याऐंशी साली जलालभाईंनी आणलेली एक टनी हिरवी गाडी. नाक चौकोनी, चाकं म्हशीच्या छातीएवढी. तिनं विटा वाहिल्या, लाकूड वाहिलं, मांडव वाहिले, आणि एक दिवस शेडमध्ये जाऊन बसली ती बसलीच. घरात दोन लग्नं झाली, तिच्या टपाखाली कोंबड्यांच्या किती पिढ्या झाल्या त्याचा पत्ता नाही. दोन वर्षांपूर्वी डिप्लोमा करून आलेल्या अलफियानं दार उघडलं तेव्हा सीटवर एक खुडूक कोंबडी बसली होती आणि तिनं अलफियाला चोच मारली. त्या दिवसापासून हा संसार सुरू झाला. पत्रा कापणं, गंज घासणं, इंजिन उतरवून टेंपोनं कर्जतला नेणं. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लोखंडी दांडा, ज्याला मिस्त्री शाफ्ट म्हणत, तो गाडीखाली नव्हताच. तो तिनं कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडं चौदा महिने हुडकून शेवटी मिळवला. गाडी उभी राहू लागली तसा झुहेबचाचा नटवायच्या सामानाची पार्सलं घेऊन नेरळहून येऊ लागला. पिवळे दिवे, चिखलातून गाडी ओढून काढणारी विंच, टपावर जाळीचं कॅरियर, पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून काचेच्या कडेनं वर नेलेली नळी.

“ह्याच्यानं गाडी हत्तीसारखी दिसते,” गजा म्हणाला होता.

“हत्तीच हाय ती, गजाभाऊ.”

“मग शेपटीला काय आणलाव?”

दुसऱ्या दिवशी झुहेबनं मागं लावायला पेट्रोलच्या डब्याचा स्टँड आणला होता.

पुढच्या रविवारी पळसदरीच्या धरणापलीकडं जुन्या डोंगरी गाड्यांचा मेळावा होता. अलफियानं नाव दिलं होतं. दारावर सतराचा आकडा चिकटवूनही झाला होता. दोन वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि तीच आज हातची जाणार होती.

कारण महिन्याभरापूर्वी एक प्रकार घडला होता. इंजिन कर्जतला, घरचे सगळे निकाहाला, आणि जलालभाई “स्टिअरिंग फिरतंय का बघतो” म्हणून फौजणीत चढले. हँडब्रेक सोडला. शेड उतारावर. इंजिन नसलेली गाडी जलालभाईंना घेऊन अंगणातून सुटली, बिलकिसबीचा शेवगा आडवा केला, फाटक चपटं केलं आणि डांबरी रस्त्याच्या दोन हात अलीकडं उभी राहिली. रस्त्यावरून तेव्हाच एक कंटेनर गेला, निकाहाहून परतलेल्या घरच्यांच्या डोळ्यांसमोर. जलालभाई गाडीत बसून सलाम करत होते.

त्या संध्याकाळी शारिकनं सगळ्यांसमोर बापाकडून शब्द घेतला. चांगल्या घरचं गिऱ्हाईक आलं तर गाडी जाईल. जलालभाईंनी बिलकिसबीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “मी नाय म्हणणार नाय.” आणि ह्या माणसानं हजार थापा मारल्या असतील, पण दिलेला शब्द मोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

“अब्बा, मी किल्ली माझ्याकडं ठेवीन,” अलफियानं आज सकाळीही बापाला सांगून बघितलं होतं.

“मागच्या वेळी किल्ली कुठं लागली होती?” शारिक म्हणाला. मग जरा हळू आवाजात, “मला गाडीचा राग नाय गं. तो कंटेनर मला अजून झोपेत दिसतो.”

तिलाही तो दिसायचा.

इंजिन धडधडत असतानाच गिऱ्हाईक आलं, म्हणजे देवेश. पळसदरीकडं वडलांची भातशेती होती, तिथं त्यानं आता पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. पांढरे बूट, हातात फोन, पण माणूस साधा. गाडीसमोर येऊन उभा राहिला आणि तोंड उघडं ते उघडंच.

“चाचा, ही तर नवरी झाली!”

“नवरी नाय, फौजी हाय,” जलालभाई म्हणाले. “नवरीला एवढं सामान कोण देतो?”

देवेश गाडीभोवती फिरला. दिव्यांपाशी थबकला. “हे कुणी बसवले?”

“मी,” झुहेब म्हणाला. सकाळी चहा पिताना हाच झुहेब “गाडी गेली तर मी ह्या घरात पाऊल टाकणार नाय” असं म्हणाला होता.

“कसली नजर आहे तुमची! हे मी रोज संध्याकाळी लावणार. फाटकापाशी चौथरा, त्यावर गाडी, आणि पाटीवर तुमचं नाव. सजावट, झुहेब, नेरळ.”

झुहेबनं खिशातून फडकं काढलं आणि दिव्याची काच पुसू लागला. “म्हणजे बघ अलफिया, गाडी चार माणसांत दिसली पायजे. शेडमध्ये कोण बघतो?”

“चाचा, तुम्ही तर...”

“नाव मोठं लिहिणार ना?” झुहेबनं देवेशला विचारलं.

अलफियानं आशेनं आजीकडं पाहिलं. बिलकिसबी चहाचे पेले घेऊन आली होती. तिनं पेले गाडीच्या बंपरवर ठेवले, शेवग्याच्या बुंध्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, “घेऊन जा बाबा. बरोबर ह्यांनाही न्या. दोघांचं मॉडेल एकच हाय.”

“दादी!”

“दादी काय? शेवगा माझा होता.”

“गजाकाका, तुम्ही तरी सांगा!”

गजा मिस्त्रीनं हात पुसले. “मी घरच्यांत बोलत नाय.” मग फडकं खांद्यावर टाकत, “पर चौथऱ्यावर उभी करायची तर मंग इंजिन कशापायी बसवलं? पुट्ठ्याची केली असती.”

शारिकनं त्याच्याकडं असं पाहिलं की गजा परत बॉनेटमध्ये शिरला.

“बघा चाचा, मी सरळ सांगतो,” देवेश चहाचा घोट घेऊन म्हणाला. “लिलावात अशा गाड्या मला मिळतील. मला ही हवी ती तिच्या गोष्टीसाठी. एकोणनव्वदचा पूर, वऱ्हाड, बिर्याणी. माझे वडील आजही सांगतात. ती गोष्ट मी दगडात कोरून घेणार आहे. पण एक अट आहे. शब्द न् शब्द खरा पाहिजे.”

“असं का बरं?” जलालभाईंनी विचारलं.

देवेशचा चेहरा पडला. “गेल्या वर्षी बैलगाडी ठेवली होती दारात. विकणारा म्हणाला दीडशे वर्षांची. मी पाटी लावली. एक पाहुणा खाली वाकला आणि चाकातल्या बेअरिंगवरचा सालाचा शिक्का मोठ्यानं वाचला. साठ माणसांसमोर. त्याचा व्हिडिओ अजून फिरतोय. मुलगी बघायला गेलो तर मुलीच्या भावानं मलाच दाखवला.”

सगळे हसले. जलालभाई हसले नाहीत.

“म्हंजे एक शब्द जरी खोटा निघाला...”

“तर नको. फुकट दिलीत तरी नको.”

“एक शब्द,” जलालभाई पुन्हा म्हणाले आणि दाढी खाजवू लागले. नंतर बराच वेळ ते गप्प होते. हे इतकं विचित्र होतं की बिलकिसबीनं जवळ जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग एकदम उठले. “देवेश, हाताला ग्रीस लागलंय तुझ्या. चल, विहिरीवर धू.”

“इथं नळ आहे की, दादाअब्बा,” अलफिया म्हणाली.

“विहिरीचं पाणी गोड लागतं.”

“हाताला?”

पण जलालभाई चालू लागले होते. परसातल्या विहिरीवर दोन दगडी खांब, मध्ये रहाटाची कप्पी, आणि कप्पीच्या पोटातून आरपार गेलेला एक जाड लोखंडी दांडा. बिलकिसबीनं पोहरा सोडला, रहाट कुईऽऽ करून ओरडला. देवेशनं ओंजळ धरली आणि वर बघितलं.

“दांडा कसला हो हा? एवढा जाड?”

“हा?” जलालभाईंनी दांड्यावर प्रेमानं थाप मारली. “ही फौजणीची पुढची शाफ्ट.”

अलफियाच्या हातातला टॉवेल खाली पडला.

“काय?”

“एक्याऐंशीत गाडी आणली, त्याच आठवड्यात काढली. म्हटलं, चार चाकं ओढतात म्हणून एवढं पेट्रोल खाते, दोन चाकांनी ओढली तर निम्मं खाईल. आणि नेमका तेव्हाच रहाटाचा लाकडी दांडा मोडला होता. हिनं घरात पाणी नाय म्हणून तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलेलं. काढली तिथून, घातली इथं.”

“दादाअब्बा!” अलफिया ओरडली. “चौदा महिने! चौदा महिने मी कुर्ल्यात भंगारात लोळले! एक माणूस मला जहाजाचा दांडा विकत होता! आणि तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचात, मिळाली का गं शाफ्ट?”

“तू विचारलंस का मला, कुठं हाय म्हणून?”

“मी रोज ह्याच दांड्याखाली हात धुतले!”

“म्हणून तर स्वच्छ राहिला.”

गजा मिस्त्री धावत आला. दांड्याची दोन्ही टोकं बघून त्यानं कपाळावर हात मारला. “अस्सल हाय ओ! टोकाचा सांधासुद्धा जाग्यावर! भाभी, एवढ्या वर्षांत कधी काढला नाय?”

“एक दिवस नाय,” बिलकिसबी म्हणाली. “माझ्या विहिरीचं कोण काढील? बघते मी.”

“साक्षीला हाय ती,” जलालभाई देवेशला म्हणाले. “एक्याऐंशीपासून आजतागायत हललेला नाय. लिहून घे.”

देवेशनं खरंच फोनवर लिहून घेतलं. “चाचा, हे पण पाटीवर! लोक वेडे होतील!”

अलफियाला रडावं की हसावं ते कळेना. गाडी विकली जाऊ नये म्हणून आजोबा काही करतील अशी तिला कुठंतरी आशा होती, आणि ते तर गिऱ्हाइकाला माल वाढवून वाढवून दाखवत होते.

मग देवेशला चक्कर हवी होती. घरामागच्या टेकाडावर जुनी पाण्याची टाकी होती, तिथवर बैलसुद्धा तिरके जात. अलफियानं मनात म्हटलं, जायचीच आहे तर एकदा मला बघून जाऊ दे. तिनं कुर्ल्याच्या शाफ्टला जोर देणारा दांडका खटकन पुढं ढकलला आणि चारही चाकं एकदम जमिनीला चिकटली.

फौजण चढली. धोंड्यांवरून, वाळल्या गवतातून, निवडुंगाच्या कुंपणाला घासून, नाक आभाळाकडं करून चढली. मागच्या पत्र्याला धरून उभा असलेला झुहेब हॉर्न वाजवत होता, देवेश “आई गं, आई गं” करत होता, आणि शारिक, जो “मी नाय येत” म्हणत शेवटच्या क्षणी चढला होता, तो लहान मुलासारखा ओरडला, “डावीकडून घे! डावीकडून! शाब्बास!” टाकीपाशी गाडी थांबली तेव्हा खाली एक्सप्रेस वेवरच्या गाड्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या. शारिकनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग काहीतरी आठवल्यासारखा काढून घेतला.

“ठरलं,” उतरल्यावर देवेश म्हणाला. “आजच ठरवून टाकू. शारिकभाई?”

“माझी हरकत नाय.”

“झुहेबभाई?”

“नाव मोठं.”

“चाची?”

“शेवग्याचं एक रोप आणून द्या.”

सगळ्यांनी जलालभाईंकडं पाहिलं. अलफियानं पाहिलं नाही. ती दारावरच्या सतराच्या आकड्याचा कोपरा नखानं उचलत होती.

“मी शब्द दिलाय,” जलालभाई म्हणाले. “मी नाय म्हणणार नाय. गाडी तुझी, देवेश. आता गोष्ट ऐकून घे, म्हंजे हिशेब पुरा. फोन चालू कर.”

देवेशनं फोन समोर धरला. सगळे खाटेवर, पायरीवर, टायरवर बसले. बिलकिसबी मात्र संध्याकाळच्या पाण्यासाठी कळशी घेऊन विहिरीकडं गेली. ही गोष्ट तिनं खूप वेळा ऐकली होती.

“कुणाला पटायचं नाय,” जलालभाईंनी सुरू केलं. “एकोणनव्वद साल. पाताळगंगा अशी फुगलेली की नदी कुठली न् गाव कुठलं ते मासळीलाही कळेना. हिच्या बहिणीचा निकाह पलीकडं, वऱ्हाड अलीकडं. फौजणीत एकवीस माणसं आणि बिर्याणीची डेग. मी म्हटलं, कलमा पढा आणि धरून बसा.”

अलफियाचे ओठ नकळत हलत होते. ही गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती. आता पाणी बॉनेटवर येणार. आता मागची चाकं आगबोटीच्या पंख्यासारखी पाणी कापणार. आता पलीकडं पोचल्यावर रेडिएटरमधून हातभर मरळ मासा निघणार आणि डेग उघडल्यावर वाफा येणार. तिथं गोष्ट संपायची.

पाणी बॉनेटवर आलं. मागची चाकं आगबोटीसारखी फिरली. मासा निघाला. डेगेतून वाफा आल्या. देवेश पुढं सरकून ऐकत होता, त्याचे डोळे चमकत होते.

“पण खरी गंमत लोकांना मी कधी सांगितलीच नाय,” जलालभाई म्हणाले.

अलफियाचं नख स्टिकरवर थांबलं.

“पलीकडचा काठ म्हंजे शेवाळलेला कातळ, भिंतीसारखा उभा. मागची चाकं पाण्यात, घसरतायत. गाडी मागं चालली. बायका रडायला लागल्या. आणि मंग,” त्यांनी दोन्ही हात पुढं पसरले, बोटं वाकवली, “मंग मी पुढच्या चाकांना जोर दिला. खटकन! पुढची दोन चाकं कातळाला अशी चावली, अशी चावली, की मागचं सगळं वजन, एकवीस माणसं, डेग, मासा, सगळं त्या पुढच्या दोन चाकांनी वर खेचलं!”

ह्या गोष्टीत पुढची चाकं कधीच नव्हती. एकदाही नव्हती. अलफियानं मान वर केली. आजोबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते देवेशकडं बघत होते, दाणे टाकून बसलेला माणूस कबुतराकडं बघतो तसे, अगदी शांत.

गजा मिस्त्रीनं पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते. शारिकच्या हातातला पेला तोंडाशी जाता जाता मध्येच थांबला.

“नुसत्या पुढच्या,” जलालभाई सावकाश म्हणाले. “लिहून घेतलंस?”

परसात बिलकिसबीनं पोहरा सोडला आणि रहाट कुईऽऽ करून ओरडला.

देवेशनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग फोनवर बोट फिरवत मघाशी लिहिलेलं शोधलं, वाचलं, परत एकदा वाचलं. फोन हळूहळू खाली आला.

“चाचा,” तो म्हणाला, “पुढच्या चाकांची शाफ्ट तर एक्याऐंशीपासून विहिरीवर आहे. तुम्ही थाप मारताय!”